पिकअपमध्ये बैलजोडी आणायची तर कागद काय लागतात?

प्रश्न: बाजारातून जोडी अन् एक गोऱ्हा वणीकडे आणायचा आहे. गाडी पिकअप. वाटेत अडवू नये म्हणून काय तयारी ठेवावी? घरचा म्हातारा बैल विकायचा तर?

उत्तर १: भाऊ, आधी हौदा मोजा. मोटार वाहन नियमांत गायबैलाला प्रत्येकी २ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. साडेआठ बाय साडेपाचच्या हौद्यात जोडीच बसते, गोऱ्ह्याची वेगळी खेप करा. गाडी बहुतेक इथेच अडकते. कागद असूनही दाटीवाटी दिसली की क्रूरतेचं कलम लागतं. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे जनावरांची तोंडं शक्यतो इंजिनाकडे, सोबत एक माणूस, हौद्यात दुसरा माल नको. खाली तणस अंथरा, पत्र्यावर खूर घसरतात. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला, बाजार समितीची पावती आणि कानातला बारा अंकी बिल्ला, तिन्हींवरचा नंबर जुळवून पाहा.

उत्तर २: म्हाताऱ्या बैलाचं अवघड आहे. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. कत्तलीसाठी विकायलाही बंदी आहे, इतर विक्रीला नाही, पण खाटीक गिऱ्हाईक गेलं, भाव पडला आणि चारा मालकाच्या गळ्यात. बीफ खाणाऱ्याला आता म्हशीचंच मिळतं.

उत्तर ३: जनावरं जप्त झाली तर गोशाळेतला चाऱ्याचा खर्चही मालकावर येऊ शकतो, हे लक्षात घ्या. आणि उन्हाळ्यात ३७ अंशांवर पारा असताना १२ ते ३ बैल गाडीला जुंपणंही नियमाबाहेर. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे रोजच.