चर्चा: कृष्णविवर ‘गिळत’ नाही, मग भीती कशाची?

सप्तर्षी (धागाकर्ता)

कृष्णविवराची बातमी आली की ‘गिळंकृत’ हा शब्द आलाच. माझ्या मते हा शब्द वाचकाची समजूत बिघडवतो. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत, ३६५ दिवसांतच फिरत राहील. आपण गारठून मरू, ओढले जाणार नाही. २०२२ साली गाया यानाच्या मोजमापांतून सापडलेलं गाया बीएच१ घ्या: अंतर सुमारे १,५६० प्रकाशवर्षं, वस्तुमान सूर्याच्या साडेनऊ पट. त्याच्याभोवती सूर्यासारखा एक तारा १८६ दिवसांत एक, अशा फेऱ्या सुखरूप मारतो आहे.

धोका आहे तो अगदी जवळ गेल्यावर, आणि तिथे लहान विवर जास्त घातक. दहा सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या विवराचं घटना क्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही ती सीमा, मध्यापासून ३० किमीवर असतं. पाय पुढे करून पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या आणि पायांवरच्या ओढीतला फरक ३,७०० किमीवरच १० जी (पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या दहापट) होतो. तिथून पुढे सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. उलट आकाशगंगेच्या केंद्रातलं ४३ लाख सूर्यांचं धनू ए* घ्या. त्याच्या क्षितिजावर हाच फरक एका जीचा दहाहजारावा भाग. क्षितिज ओलांडताना शरीराला काहीच जाणवणार नाही. अर्थात त्यानंतर उरतं ते जेमतेम अर्धं मिनिट. पण ते विवर आपल्यापासून २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणून माणसाला कृष्णविवरापासून व्यावहारिक धोका शून्य, असं माझं ठाम मत.

अगस्ती

‘शून्य’ला माझा विरोध आहे. गाया बीएच१ सापडलं ते त्याच्या जोडीदारामुळे. एकटं भटकणारं विवर दिसतच नाही. असं एक २०२२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कैलाश साहू आणि इतरांनी दाखवून दिलं, तेही मागच्या एका ताऱ्याचा प्रकाश त्याने वाकवला म्हणून: सुमारे सात सूर्यांचं, ५,००० प्रकाशवर्षांवर, सेकंदाला ४५ किमी वेगाने जाणारं. आकाशगंगेत अशी दहा कोटी विवरं असावीत असा अंदाज आहे. त्या हिशेबाने एखादं शंभरेक प्रकाशवर्षांच्या आतही असेल. आपल्याला माहीत असलेली यादी म्हणजे प्रत्यक्षातली यादी नव्हे.

सप्तर्षी

शंभर प्रकाशवर्षांवर आहे असं धरू, आणि नेमकं आपल्याच दिशेने निघालंय असंही धरू. ४५ किमीच्या वेगाने त्याला पावणेसात लाख वर्षं लागतील. ते न कळता येणारही नाही. दहा सूर्यांचं विवर १०,००० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) असतानाच शनीला सूर्याच्या तुलनेत इतकं हलवेल, की दहा-बारा वर्षांत फरक किलोमीटरांत मोजता येईल. कॅसिनी यानाने शनीचं अंतर शंभर मीटरांहून कमी चुकीने मोजून दिलेलं आहे. त्या टप्प्यापासून आत यायला विवराला हजार वर्षं हवीत.

अगस्ती

कळलं म्हणजे टळलं नव्हे. हजार वर्षं आधी कळूनही दहा सूर्यांची वस्तू आपण वळवू शकत नाही. एक मात्र मान्य: साधे तारे विवरांच्या हजारपट आहेत, त्यामुळे भीती धरायचीच तर ताऱ्यांची आधी. ग्लीझ ७१० हा तारा तेरा लाख वर्षांनी ऊर्टच्या मेघातून, म्हणजे सूर्यमालेभोवतीच्या धूमकेतूंच्या आवरणातून, जाणारच आहे.

कणाद

प्रयोगशाळेत तयार होऊ शकणाऱ्या विवरांचं काय? २००८ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा कोलायडर (कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र) सुरू झाला तेव्हा उत्तर मिळालं की वैश्विक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) रोज याहून जोरात आदळतात, पृथ्वी शाबूत आहे. हे उत्तर अपुरं आहे. वैश्विक किरणातून जन्मलेलं विवर प्रचंड वेगाने पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. कोलायडरमध्ये दोन प्रोटॉन समोरासमोर येतात, त्यामुळे तिथलं विवर संथ असू शकतं आणि पृथ्वीतच अडकू शकतं. ते विरून जाईल म्हणावं, तर ज्यामुळे विवर विरतं असं मानतात ते हॉकिंग प्रारण आजवर कोणी मोजलेलं नाही.

मृगशीर्ष

कणाद, आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तरही त्याच वर्षी गिडिंग्ज व मँगॅनो या भौतिकशास्त्रज्ञांनी हॉकिंगचा आधार न घेता दिलं. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे दाट गाभे, पाहा, उदाहरणार्थ व्याधाचा जोडीदार: घन सेंटिमीटरला टनाच्या वर वस्तुमान. पृथ्वीतून निसटणारं वेगवान विवर अशा पदार्थात थांबतं. म्हणजे पृथ्वीला धोका असता, तर श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे कधीच आतून पोखरले गेले असते. प्रत्यक्षात शेकडो कोटी वर्षांचे श्वेत बटू आकाशात आहेत. कोलायडरच्या टकरीएवढी ऊर्जा गाठायला स्थिर प्रोटॉनवर १०^१७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा (कणांच्या ऊर्जेचं एकक) किरण पुरतो, आणि १०^२० चे नोंदले गेले आहेत. हा मुद्दा माझ्या दृष्टीने मिटला.

मात्र धागाकर्त्याचा ‘शून्य’ मलाही मान्य नाही. विवर जन्मताना होणारं प्रारण या चर्चेत आलेलंच नाही. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून विवर तयार होताना दोन अरुंद झोत सुटतात, तोच गॅमा किरण स्फोट. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट १९० कोटी वर्षांचा प्रवास करून आला, तरी त्याने आपलं आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) काही तास विस्कटलं. असा झोत सहा-सात हजार प्रकाशवर्षांवरून दहा सेकंद आपल्यावर पडला, तर गॅमा किरण वातावरणातच अडतील, जमिनीवर फारसे पोचणार नाहीत. घात वर होईल. नायट्रोजनचे रेणू फुटून नायट्रिक ऑक्साइड बनेल. त्याचा एक रेणू ओझोनचा एक रेणू मोडतो, नायट्रोजन डायऑक्साइड होतो, मग सुट्या ऑक्सिजनच्या अणूला भेटून पुन्हा मूळ रूपात येतो आणि पुढचा ओझोन मोडायला मोकळा. गणितानुसार जागतिक ओझोन सरासरी तिसऱ्या हिश्शाने घटतो आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. आधी मार बसेल तो समुद्राच्या वरच्या थरातल्या प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना), म्हणजे अन्नसाखळीच्या पायालाच.

सप्तर्षी

हे मान्य. ‘शून्य’ मागे घेतो, ‘गिळंकृत’वरचा आक्षेप कायम. पण झोत काही अंशांचाच असतो, तो नेमका आपल्याकडे वळलेला हवा. असे स्फोट जड मूलद्रव्यं कमी असलेल्या दीर्घिकांत जास्त होतात, आणि आपली तशी नाही. जवळचा उमेदवार म्हणून धनू राशीतल्या डब्ल्यूआर १०४ या जोडताऱ्याचं नाव घेतलं जातं. तो सुमारे ८,००० प्रकाशवर्षांवर आहे.

मृगशीर्ष

त्याची धुळीची चक्री आपल्याला समोरून दिसते, म्हणून अक्ष (म्हणजे संभाव्य झोताची दिशा) आपल्याकडे रोखलेला असावा असं वाटत होतं. केक दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांवरून जोडताऱ्याची कक्षा त्यापेक्षा ३० ते ४० अंशांनी कललेली निघाली. मग समोरून दिसणारी धुळीची चक्री आणि कललेली कक्षा यांचा मेळ कसा बसतो, ते कोडं अजून सुटायचं आहे.