विषय: ज्येष्ठांचं चहापान, आणि इराणी म्हणवणारी ती जागा

नमस्कार मंडळी,

ज्येष्ठांचं नोव्हेंबरचं चहापान यंदा हॉलमध्ये न करता मध्य लंडनमधल्या त्या नव्या जागी करावं, असं कार्यकारिणीत ठरतंय. वर टी रूम, मधे रेस्टॉरंट, तळघरात बार. सगळं जुन्या मुंबईतल्या इराण्यावर बेतलेलं. वीस जणांची सोय होईल. शनिवारी दुपारी तीनला टेबल मिळतंय, दीड तासासाठी. शुक्रवारपर्यंत नावं कळवा.

– सचिव

---

> दीड तासासाठी

सचिवबाई, इथेच घोडं पेंड खातं.

माझं लहानपण धोबीतलावला गेलं. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही चौघे कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गेलो. खिशात दोन चहांपुरते पैसे. दोन कप मागवले, निम्मा निम्मा बशीत ओतला आणि दुपारचे बसलो ते दिवेलागणीलाच उठलो. गल्ल्यावरचा शेठ चष्म्यावरून बघायचा, पण 'उठा' म्हणाला नाही.

गेल्या महिन्यात नातीबरोबर तुमच्या या जागी जाऊन आलो. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, नक्कल अगदी हुबेहूब. पण चहा आला ग्लासात, आणि त्यात वेलची, लवंग, मिरी! आमच्या इराण्याच्या चहात मसाला नसे, दूध आटवलेलं असे आणि साखर सढळ. बन मस्क्यातला मस्का वेगळ्या वाटीत, गुलाबासारखा कोरलेला. अहो, मस्का बनाच्या कडेने ओघळायला हवा. तो चहात बुडवला की वर तवंग येतो, तोच तर खरा ऐवज! आणि सव्वा तास झाला तशी पोरगी हसत बिल ठेवून गेली.

माझं नाव धरू नका.

– हॅरोचे काका

---

काका, नमस्कार.

तवंगाबद्दल दुमत नाही. पण चौघे मित्र म्हणजे चौघे मुलगेच ना? पुण्यात आमच्या कॉलेजच्या वाटेवरही इराणी होता. रोज समोरून जायचो. आत जायचं तर सोबत भाऊ हवा, आणि बसायचं फॅमिली रूमच्या पडद्याआड. पुढची खिडकीजवळची टेबलं तुमची. मी त्या खिडकीत पहिल्यांदा बसले ती लग्नानंतर. इथे मी एकटी जाऊन बसते, पुस्तक वाचते, कोणी वळून बघत नाही. दीड तास तर दीड तास.

तळघरातल्या बारच्या दारावर 'परमिट रूम' लिहिलंय, ते पाहून मात्र हसू आलं. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर प्यायला परवाना लागायचा, त्यातून आलेली ती पाटी. माझ्या इंग्रज सुनेला वाटलं, आत जायला खरंच परवाना लागतो.

आणि नकलेचं म्हणाल तर लंडनला ती नवी नाही. पाटण्याच्या दीन महंमदने 1810 मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. वेताची आसनं, हुक्का, रस्सेदार जेवण. गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्तानात नोकरी करून परतलेले साहेब. दोन वर्षांत दिवाळं वाजलं बिचाऱ्याचं. त्या जागी आता पाटी आहे, चालत जाऊन बघण्यासारखी. तेव्हा साहेबांच्या आठवणी विकल्या जात, आता आपल्या विकल्या जातात, एवढाच फरक.

माझं नाव धरा.

– वेम्बलीची ताई

---

मंडळी, चर्चा रंगली आहे, पण थोडं हिशोबाचं.

बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावून येईल. तो ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो, हे खरं. पण मागच्या वेळेसारखी टेबलावर घासाघीस नको. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या कायद्याने ती रक्कम पूर्ण नोकरवर्गालाच द्यावी लागते, मालकाला त्यातून काही ठेवता येत नाही. म्हणजे काढायला लावली तर त्या बिल ठेवणाऱ्या पोरीचेच पैसे जाणार. तळघरात उतरणाऱ्यांनी आपापलं वेगळं द्यावं. कोण उतरणार ते मी विचारत नाही.

– खजिनदार

---

ताई,

तुमचं पत्र बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं. मग विचारलं, "त्या दिवशी तुमची धाकटी बहीण कुठे होती?" घरी होती. तीही त्याच वर्षी पास झाली होती, माझ्यापेक्षा बरे मार्क मिळवून. तिला इराण्याकडे न्यावं हे चौघांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ती आता ठाण्याला असते; काल फोन केला तर म्हणाली, "मला तेव्हा मावा केक तरी आणायचास."

सचिवबाई, दोन नावं लिहा, माझं आणि हिचं. चहा मसाल्याचा तर मसाल्याचा. बशी मात्र मी घरून आणणार.

– हॅरोचे काका

---

काका, दोन्ही नावं लिहिली, एकूण सतरा झाली. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी तिथे पाटी आहे. रिकामी बशी त्यात मोडते का, ते फोन करून विचारते.

– सचिव