गॅदरिंगला हुला आहे, प्लास्टिकचा घागरा घालू की नको?

सईची_आई
मुलगी चौथीत आहे, गॅदरिंगला त्यांच्या वर्गाचा हवाईयन डान्स (हुला) बसवलाय म्हणजे हिरव्या प्लास्टिकच्या झिपऱ्यांचा घागरा, गळ्यात कागदी फुलांच्या माळा आणि फक्त कंबर हलवायची. काल लेकीने विचारलं, आई याचा अर्थ काय गं, आणि मी गप्पच. शोधलं तर हुलावर कधीतरी बंदी होती असं दिसलं. नाचावर बंदी कशाला? कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि टीचरना काय सांगू तेही.

खारा_वारा
ताई, मी चार वर्षं हवाईत, होनोलुलूला होते, शेजारच्या आजी गॅरेजमध्ये हुला शिकवायच्या तिथे जायचे. पहिली गोष्ट, कंबर मुख्य नाहीच, शब्द मुख्य. ज्या शब्दांवर नाचतात त्यांना तिकडे 'मेले' म्हणतात (हसू नका, मी पहिल्या दिवशी हसले होते आणि बोलणी खाल्ली होती) आणि मेले नसेल तर हुला नाही. पाऊस, वारा, डोंगर, राजाची वंशावळ, सगळं त्या ओळींत आणि हात तेच सांगतात. मी एकदा हाताने लाट छान दाखवली पण ओळ विसरले, तर आजींनी इपू थांबवला आणि परत पहिल्यापासून. इपू म्हणजे भोपळा हो, मोठ्या वाद्यात एकावर एक दोन भोपळे चिकटवलेले असतात, खाली आपटायचा आणि वरून थाप द्यायची.

आता बंदीचं. हवाई तेव्हा वेगळं राज्य होतं. 1820 ला अमेरिकन मिशनरी आले, त्यांना हे पाप वाटलं, तिथली राणी काआहुमानू ख्रिश्चन झाली आणि 1830 मध्ये तिने जाहीर हुला बंद केला. पुढे बंदी ढिली झाली तर लायसन्स आलं, पैसे भरा मग नाचा. पण घराघरात चालूच होतं. मग राजा कालाकाउआ, त्याने 1883 च्या राज्याभिषेकात राजवाड्याच्या आवारात उघडउघड हुला करवला, आणि त्याची कार्यक्रमपत्रिका छापली म्हणून छापणाऱ्यावर अश्लीलतेचा खटला झाला बोला! दहा वर्षांनी त्याच्या बहिणीला, राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढलं, 1896 ला शाळांत फक्त इंग्रजी, 1898 ला अमेरिकेने बेटंच गिळली. हवाईयन भाषा शाळेतून गेली पण मेलेमध्ये राहिली, कारण नाचायचं तर शब्द पाठ हवेतच.

तिरकस_काका
इतिहास ठीक आहे पण आता तर हॉटेलात टुरिस्टांसमोरच चालतं ना हे सगळं? आपल्याकडे रिसॉर्टमध्ये लावणी ठेवतात तसं.

खारा_वारा
काका हॉटेलवाला हुला आहेच, नाही कुठे म्हणतेय. पण हवाईतल्या हिलो गावात ईस्टरच्या आठवड्यात मेरी मोनार्क असतो, म्हणजे त्याच राजा कालाकाउआच्या नावाचा हुलाचा उत्सव, तो बघा. 1963 ला त्याची कल्पना निघाली तेव्हा उद्देश धंद्याचाच होता, 1960 च्या त्सुनामीने गाव झोपलं होतं, पहिल्या वर्षांत चक्क राजासारख्या दाढीची स्पर्धा असायची 😄 हुलाची स्पर्धा 1971 पासून, पुरुषांचे गट 1976 पासून. तिकिटासाठी लोक जीव टाकतात आणि बहुतेक प्रेक्षक तिथलेच.

आणि 2019 ला हवाईतल्याच, तिथे पवित्र मानतात त्या माउना केआ डोंगरावर मोठी दुर्बीण होणार म्हणून लोकांनी रस्ता अडवला, म्हाताऱ्या माणसांना अटक झाली, तिथे त्या थंडीत रोज ठरलेल्या वेळी मंत्र आणि हुला चालायचा. त्या दुर्बिणीत भारत भागीदार आहे, आपल्या पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्थासुद्धा. दुर्बीण हवी की नको हा वाद वेगळा, पण ते टुरिस्टांसाठी नाचत नव्हते एवढं नक्की.

कुंडीतली_माती
घागऱ्याबद्दल राहिलंच. तो गवताचा घागरा मूळ हवाईचा नाही, गिल्बर्ट बेटांवरून (आताचं किरिबाती) आलेल्या मजुरांबरोबर एकोणिसाव्या शतकात आला. जुना पोशाख म्हणजे झाडाची साल कुटून केलेलं कापड. आणि पानं वापरतात ती 'टी' झाडाची, म्हणजे आपल्या नर्सरीत मिळणारं कॉर्डिलाईन, सोसायट्यांच्या गेटपाशी लाल पानांचं असतं बघा तेच.

सईची_आई
सगळ्यांना थँक्यू!! टीचरशी बोलले, घागरे तीस आधीच आलेत त्यामुळे ते राहणार, पण गाण्याचा अर्थ मुलांना सांगून मग हात बसवू म्हणाल्या. आणि माळा पानांच्या करायच्या ठरल्यात. आमच्या गेटपाशी कॉर्डिलाईनची चार झाडं आहेत, आता सेक्रेटरींना कोण विचारणार यावरून आयांच्या ग्रुपवर सकाळपासून धुमाकूळ चाललाय.