मदत हवी: पुण्यात भरवशाचा सीए सुचवा, अर्जंट आहे

हिंजवडी_शटल | ९ जानेवारी २०२६, रात्री ११:४०
नमस्कार मंडळी, पुण्यात चांगला सीए हवाय, वाकड-बाणेर-औंध बाजूला असेल तर बरं, नाहीतर कुठेही चालेल. इन्कम टॅक्सची नोटीस आलीये आणि आमचा आधीचा माणूस फोन उचलत नाहीये. सोमवारपर्यंत काहीतरी करायलाच हवं. फी साधारण किती घेतात तेही सांगा. प्लीज स्वतःच्या ओळखीतलाच सांगा, नेटवर शोधून झालंय, सगळीकडे पाच स्टार दिसतात, त्यावरून काही कळत नाही.

औंधवाली | रात्री ११:५२
कसली नोटीस? कुठलं कलम? कुठलं वर्ष? नोकरी आहे का धंदा? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सुचवणार.

मंडईकर | १० जानेवारी, सकाळी ७:१५
आमचे सीए नारायण पेठेत बसतात, आमच्या दुकानाचं काम वडिलांच्या काळापासून त्यांच्याकडेच आहे. मेसेज करा, नंबर देतो, इथे उघड टाकत नाही. माणूस असा आहे की पासबुक समोर ठेवून पेन्सिलने एकेका एंट्रीवर टिक करतो आणि पाच हजाराची जमा दिसली तरी विचारतो, हे कुठून आले? पहिल्यांदा मला राग यायचा. गेल्या वर्षी त्याच सवयीमुळे एक एफडी सुटायची वाचली, व्याज एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या आपल्या उत्पन्न-व्यवहारांच्या यादीत, दिसत होतं आणि मी साफ विसरलो होतो. जाताना चारचाकी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही.

हिंजवडी_शटल | सकाळी ७:४०
नोकरी. वर्ष २४-२५. पगार १८ च्या आसपास. नोटीस म्हणजे एसएमएस आलाय, ८०जीजीसीची वजावट तपासा आणि चुकीची असेल तर रिटर्न अपडेट करा असा. मंडईकर, मेसेज केलाय.

कोड_कोथरूड | सकाळी ८:०५
पगारदार माणसाला सीए लागतोच कशाला? मी सहा वर्षं स्वतः भरतोय. फॉर्म १६ घ्या, एआयएस आणि २६एएस (कापलेल्या कराचा तपशील) जुळवा, पोर्टलवर बरंचसं आधीच भरलेलं असतं, अर्ध्या तासात होतं. उगाच दोन-तीन हजार घालवायचे. आणि न्यू रेजीम, म्हणजे नवी करपद्धत घ्या, वजावटींची भानगडच नको.

औंधवाली | सकाळी ८:२०
कोड_कोथरूड, ते रिटर्न कसं भरायचं हे विचारत नाहीयेत. आणि शटल, २४-२५ हे आर्थिक वर्ष की आकारणी वर्ष? यात लोक कायम गोंधळतात आणि चुकीचा कागद घेऊन जातात. आकारणी वर्ष २०२४-२५ म्हणजे एप्रिल २३ ते मार्च २४ ची कमाई. दुसरं, एसएमएस खरा आहे का? हल्ली खोटे खूप फिरतात, लिंक दाबली असेल तर आधी ते सांगा.

निवृत्त_बँकवाला | सकाळी ८:४५
मी २२ वर्षं एकाच कर सल्लागाराकडे जातो, ते सीए नाहीत आणि माझं कधी काही अडलं नाही. सीए म्हटलं की फी दुप्पट. पेन्शन आणि ठेवींचं व्याज असलेल्या माणसाला सल्लागार पुरतो. अनुभव पदवीपेक्षा मोठा.

बिबवेवाडीकर | सकाळी ९:३०
मी स्वतः प्रॅक्टिस करणारा सीए आहे. काम मागायला आलेलो नाही, आमच्या आचारसंहितेत तशी जाहिरात चालत नाही, त्यामुळे मला मेसेज करू नका. बँकवाले काका, साध्या रिटर्नला सल्लागार चालतो, त्यात चूक काहीच नाही. पण टॅक्स ऑडिटवर किंवा व्हिसासाठीच्या नेटवर्थ सर्टिफिकेटवर सीएचीच सही लागते, आणि अशा सर्टिफिकेटवर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र क्रमांक असायला हवा, तो कुणालाही आयसीएआयच्या (सीएंची संस्था) यूडीआयएन पोर्टलवर तपासता येतो.
सीए निवडताना सहा आकडी सदस्य क्रमांक मागा आणि आयसीएआयच्या साइटवर बघा. नुसता सीए असून भागत नाही, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस आहे का तेही बघा, कंपनीत नोकरी करणाऱ्या बऱ्याच सीएंकडे ते नसतं. विचारलं म्हणून कोणी चांगला माणूस रागावत नाही.
शटल, आता खरं सांगा. देणगी दिली होती का? ८०जीजीसी म्हणजे राजकीय पक्षाला दिलेली देणगी, आणि ती रोखीत चालतच नाही. बँक खात्यात ती रक्कम गेलेली दिसते का?

मंडईकर | सकाळी ९:५०
बिबवेवाडीकर, विषय निघालाच आहे तर, आईचा सहकारनगरचा फ्लॅट २००४ चा आहे, विकला तर टॅक्स साडेबारा टक्के का वीस?

बिबवेवाडीकर | सकाळी १०:०५
२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असल्यामुळे दोन्ही हिशोब करून बघता येतात, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) न घेता साडेबारा किंवा घेऊन वीस, जो कमी पडेल तो. पण वेगळा धागा काढा हो.

हिंजवडी_शटल | सकाळी १०:४०
लिंक दाबलेली नाही. आकारणी वर्षच आहे, पोर्टलवर तसंच दिसतंय.
देणगी दिली नव्हती. आमच्या ऑफिसात एक जण सगळ्यांचे रिटर्न भरायचा, वाकडला झेरॉक्सच्या दुकानावर त्याची एक खोली होती, लोक लंच टाइममध्ये फॉर्म १६ देऊन यायचे. त्याने सांगितलं की अडीच लाखाची वजावट बसते, सगळे घेतात, पावती मी लावतो. रिफंड ७८ हजार आला, त्यातले १०% म्हणजे ७८०० त्याने घेतले. मी विचारलं नाही. मला खरंच वाटलं होतं की तो सीए आहे, बोर्डवर तसं लिहिलं नव्हतं पण सगळे त्याला सीएच म्हणायचे. दोन रात्री झोप नाही. आता सांगा, काय होऊ शकतं?

औंधवाली | सकाळी १०:५५
बरं झालं सांगितलंत. हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर रात्रीच उत्तर मिळालं असतं. तुम्ही एकटे नाही आहात, जुलै २०२५ मध्ये खात्याने अशाच वजावटींसाठी देशभरात दीडशे ठिकाणी झडत्या घेतल्या होत्या, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत साधारण चाळीस हजार लोकांनी चुकीचे दावे मागे घेतले होते.

कोड_कोथरूड | सकाळी ११:०२
मी म्हणतच होतो, स्वतः भरलं असतं तर हे झालंच नसतं.

निवृत्त_बँकवाला | सकाळी ११:१०
त्या माणसाला पोलिसात द्या आधी. आणि कोड_कोथरूड, आता हे बोलून त्यांना काय उपयोग आहे? प्रत्येकाला तुमच्यासारखं पोर्टल जमत नाही, मलाही जमत नाही.

बिबवेवाडीकर | सकाळी ११:३५
घाबरू नका, पण वेळही घालवू नका. तुम्ही सांगताय त्यावरून ही सूचना आहे, कलमाखालची नोटीस नाही. तरी खात्री करून घ्या, पोर्टलवर लॉगिन करून ई-प्रोसीडिंग्जमध्ये काही प्रलंबित आहे का बघा. खरी नोटीस असेल तर तिच्यावर डीआयएन, म्हणजे खात्याचा दस्तऐवज क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर लॉगिन न करताही पडताळता येतो. तिथे काही नसेल तर अपडेटेड रिटर्नचा, म्हणजे आयटीआर-यूचा रस्ता मोकळा आहे. ३१ मार्च २०२६ च्या आत भरलंत तर कर, त्यावरचं व्याज आणि या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा. त्यानंतर तेच ५० टक्के होतात. तुमच्या बाबतीत ७८ हजार, व्याज आणि वरचे २५ टक्के धरून लाखाच्या वर जाईल, नेमका आकडा हिशोब करूनच काढावा लागेल. थांबलात आणि खात्याने स्वतः केस उघडली तर चुकीची माहिती दिल्याबद्दलचा दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे नुसता दंडच १ लाख ५६ हजार. कुठला रस्ता घ्यायचा ते तुम्हीच बघा.
आणखी एक, हे सगळ्यांसाठी. रिफंडच्या टक्केवारीवर फी घेणं सीएला चालत नाही, ती गैरवर्तणूक धरली जाते. कोणी टक्केवारी मागितली की तिथून उठा. तो माणूस सदस्य नसेल तर आयसीएआय त्याच्यावर काही करू शकणार नाही, म्हणून नाव आधी तपासा आणि मग तक्रारीचं बघा.

औंधवाली | सकाळी ११:४२
पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे?

हिंजवडी_शटल | दुपारी १२:२०
त्याच्याकडे. मोबाइल माझा आहे पण ईमेल त्याचाच टाकलेला निघाला, म्हणजे खात्याने ईमेल पाठवले असतील तर ते मला कधी दिसलेच नाहीत.

औंधवाली | दुपारी १२:२६
आत्ता बदला, जेवायच्या आधी. आधार ओटीपीने पासवर्ड रीसेट होतो, मग प्रोफाइलमध्ये ईमेल स्वतःचा टाका. लॉगिन कायम आपल्याकडेच ठेवायचं, सीएला पोर्टलवरूनच 'माय सीए'मधून जोडता येतं. माझ्या नणंदेच्या बाबतीत अशीच एक गोष्ट झाली होती, तिचा रिफंड ज्या खात्यात जायला हवा होता ते खातं तिचं नव्हतंच, वर्षभर भांडत होती.

मंडईकर | दुपारी १:०५
शटल, आमच्या सीएंशी बोललोय, मंगळवारी संध्याकाळी सहाला या म्हणालेत. मी तुमची हकीकत नाही सांगितली, तुम्हीच सांगा. फी कामाचे तास बघून सांगतात, मी साध्या रिटर्नचे दीड हजार देतो, तुमचं जास्त होईल कारण जुनं निस्तरायचंय, पण आकडा आधी सांगतात आणि बिल देतात.

निवृत्त_बँकवाला | दुपारी १:३०
भरलेल्या रिटर्नची प्रत, फॉर्म १६, मार्च २४ पर्यंतचं बँक स्टेटमेंट आणि त्या माणसाला ज्यावरून पैसे दिले त्या यूपीआयचा स्क्रीनशॉट बरोबर न्या. आणि कमी करून सांगू नका. बँकेत असताना आम्हीही बघायचो, लोक डॉक्टरला नि हिशोबनीसाला अर्धंच सांगतात आणि मग पस्तावतात.

हिंजवडी_शटल | रात्री ९:१५
पासवर्ड आणि ईमेल बदलला. ई-प्रोसीडिंग्जमध्ये माझ्या नावावर काही नाही, जीव भांड्यात पडला. आधी वाटत होतं गप्प बसावं, पण आता आयटीआर-यू भरायचाच असं ठरवलंय. मग बायकोचंही लॉगिन उघडून बघितलं, तिचं रिटर्नही त्यानेच भरलं होतं. त्यात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची १ लाख ४० हजारांची वजावट आहे. आम्ही दोघांनी कधीच शैक्षणिक कर्ज घेतलेलं नाही. ती विचारतेय हे काय आहे, आणि मला तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तिचंही मंगळवारीच नेऊ का, की वेगळी वेळ मागू?

बिबवेवाडीकर | रात्री ९:३०
मंगळवारीच न्या, आणि त्यांनाही बरोबर न्या. पॅन त्यांचं, रिटर्न त्यांचं, उत्तरही त्यांनाच द्यावं लागणार. जाताना दोघांची सगळ्या वर्षांची रिटर्न डाउनलोड करून न्या, नुसतं २४-२५ नको. ज्याने एका वर्षी असं केलंय त्याने आधीच्या वर्षीही केलं असेल.

मंडईकर | रात्री ९:४१
त्यांना सांगून ठेवतो दोघं येताय म्हणून.