मदत हवी आहे: दहा वर्षांच्या पोरीला १६+ चा सिनेमा दाखवायचा का?

आम्ही परभणीतल्या मैत्रिणी, पोरं साधारण एकाच वयाची. परवा शेतावर हुरड्याला बसलो होतो, तिथंच ठरलं की पोरांना घेऊन सगळ्यांनी एका गाजलेल्या मारधाडीच्या सिनेमाला जायचं. सर्टिफिकेट यूए १६+. मी नको म्हटलं तर सगळ्या माझ्यावरच तुटून पडल्या. एकीनं गरम कणीस चोळता चोळता ऐकवलं, "तुझं नेहमी वेगळंच असतंय माय! रीलमध्ये बघतेतच की सगळं."

२०२४ पासून यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, पण ती पालकांना दिलेली सूचना आहे. बंदी फक्त 'ए'ला. म्हणजे ठरवायचं आपणच.

माझं कुणाला न पटणारं मत असं, की रक्तापेक्षा मला हिरोची मिजास जास्त खटकते. त्यानं बायकोच्या थोबाडीत दिली की थिएटरात शिट्ट्या पडतात, त्या शिट्ट्या पोरीनं ऐकू नयेत. (शिव्यांचं काही नाही, त्या ती आजीकडून रोज ऐकते.)

कुणी असा नकार दिलाय का? मैत्रिणींना न दुखवता काय सांगितलं? सोमवारी वर्गात सगळे त्याच सिनेमाचे डायलॉग मारतील, तेव्हा ही एकटी पडेल, त्याचं काय करायचं?

आणि सगळ्या पोरांना घरी बोलावून दाखवता येईल असा मराठी सिनेमा सुचवा. उपदेशाचा नको, दहा मिनिटांत उठून जातेत. तिकिटं रविवारची काढायलेत, जरा लवकर सांगा.