लिबरऑफिसमधील पत्राचा साचा चार संगणकांवर एकसारखा कसा ठेवावा?

प्रश्न: वाचनालय_लिपिक

नमस्कार. तालुक्याच्या गावी असलेल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी लिपिक आहे. आमच्याकडील चार संगणकांपैकी तीन विंडोजवर आणि एक उबुंटूवर चालतो. सर्वांवर लिबरऑफिस आहे. मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रे, कार्यकारिणीच्या सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि अनुदानाबाबत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना जाणारी पत्रे, एवढाच आमचा लेखी व्यवहार. जुने पत्र उघडायचे, 'सेव्ह ॲज' करून नवे नाव द्यायचे आणि मजकूर बदलायचा, अशी आमच्याकडे रीत पडली आहे. गेल्या महिन्यात एका सभासदाच्या स्मरणपत्रावर दुसऱ्याच सभासदाचा जावक क्रमांक आणि त्याने नेलेल्या पुस्तकाचे नाव तसेच राहिले, आणि ते गृहस्थ पत्र हातात घेऊन काउंटरवर उभे राहिले.

म्हणून मी लेटरहेडसह एक साचा तयार करून पेनड्राइव्हवरून चारही संगणकांच्या डेस्कटॉपवर ठेवला. आता अडचणी अशा: दुरुस्तीसाठी साच्यावर डबल क्लिक केले की 'अनटायटल्ड' नावाचा नवाच दस्तऐवज उघडतो. साच्यात मुक्ता फॉन्ट ठरवला असूनही मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये उमटतो. शिवाय दूरध्वनी क्रमांक बदलल्यावर साचा सुधारला, तरी आधीच्या पत्रांत जुनाच क्रमांक दिसतो. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर: बोरू

साच्यावर डबल क्लिक केल्यावर त्याची नवी प्रत उघडावी, अशीच ती सोय आहे, कारण त्यामुळे मूळ साच्यावर चुकून कोणी पत्र लिहीत नाही. मूळ साचा सुधारायचा असेल तर 'फाइल' मेनूतील 'टेम्प्लेट्स'मध्ये 'मॅनेज टेम्प्लेट्स' उघडावे, साच्यावर उजवी टिचकी मारून 'एडिट' निवडावे आणि बदल जतन करावा.

मात्र डेस्कटॉपवर ठेवलेला साचा या खिडकीत दिसणारच नाही. त्यासाठी तो 'सेव्ह ॲज टेम्प्लेट'ने जतन करावा किंवा त्याच खिडकीतून आयात करावा. विंडोजवर तो ॲपडेटा, रोमिंग, लिबरऑफिस, ४, युजर, टेम्प्लेट अशा उतरंडीने शेवटच्या फोल्डरात जाऊन बसतो. ॲपडेटा हे फोल्डर एरवी लपवलेले असते. आणि ते '४' पाहून आपली आवृत्ती जुनी आहे असे समजू नये, २०१३ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून ते नाव तसेच राहिले आहे. फाइलच्या नावापुढे ओटीटी लागलेले दिसेल, त्याचा चित्रपटांशी संबंध नाही.

चार ठिकाणी चार प्रती ठेवल्या की महिन्याभरात त्या चार वेगळ्या होतात, हा माझा अनुभव आहे. संगणक एकमेकांना जोडलेले असतील तर एकावर सामायिक फोल्डर करावे, त्यात 'वाचनालय' नावाचे उपफोल्डर करून साचा तेथे ठेवावा, आणि इतर संगणकांवर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'पाथ्स' येथे 'टेम्प्लेट्स'च्या यादीत त्या सामायिक फोल्डरचा मार्ग जोडावा. इतरांना तेथे केवळ वाचण्याची परवानगी द्यावी. लिहिण्याची एकालाच असावी.

दूरध्वनी क्रमांकाबद्दल सांगायचे तर, जुन्या पत्रांत जुनाच क्रमांक राहणे योग्य आहे. ती पत्रे जशी रवाना झाली तशीच दप्तरी राहिली पाहिजेत. याच कारणाने साच्यात आपोआप बदलणारी तारीख घालू नये, नाहीतर मार्चमधील पत्र जूनमध्ये उघडल्यावर त्यावर जूनची तारीख दिसेल. जावक क्रमांक, दिनांक, सभासदाचे नाव आणि पुस्तकाचे नाव यांच्या जागी 'इन्सर्ट', 'फील्ड', 'मोर फील्ड्स', 'फंक्शन्स' येथून 'प्लेसहोल्डर' घालावा. त्यावर टिचकी मारून टंकले की ती जागा भरते, आणि भरायची राहिली तर ती रिकामी असल्याचे पाहताक्षणी कळते. दुसऱ्याचा जावक क्रमांक जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

उत्तर: रफार

फॉन्टची गोम वेगळी आहे. लिबरऑफिस रोमन लिपीचा आणि देवनागरीचा फॉन्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. आपण बहुधा मुक्ता हा पाश्चात्त्य फॉन्टच्या रकान्यात निवडला असावा, आणि देवनागरीचा रकाना जसाच्या तसा राहिला असावा. 'टूल्स', 'ऑप्शन्स'मधील भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) सुरू आहे ना, हे आधी पाहावे. मग साच्यातील 'डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल' (स्टाइल म्हणजे मजकुराचे एकदाच ठरवून ठेवलेले स्वरूप) संपादनासाठी उघडून 'फॉन्ट' या पानावरील 'सीटीएल'च्या भागात मुक्ता, आकार आणि भाषा मराठी असे तिन्ही ठरवावे. आकारही वेगळा नोंदला जातो, त्यामुळे रोमन अक्षरे १२ आणि मराठी १४ असा विचित्र प्रकार अनेक पत्रांत दिसतो. मजकूर निवडून वरच्या पट्टीवरून फॉन्ट बदलण्याची सवय मात्र सोडावी लागेल, कारण असे थेट केलेले स्वरूपण स्टाइलवर मात करते.

वाचनालय_लिपिक

दोघांचेही आभार. देवनागरीचा रकाना खरोखरच कोरा होता. विंडोजवर आता सर्व ठीक आहे, परंतु उबुंटूवर मराठी अजूनही वेगळी दिसते. तसेच स्टाइलमध्ये केलेला बदल काही दस्तऐवजांना लागू होतो, काहींना होत नाही.

उत्तर: बोरू

साच्यात फॉन्टचे केवळ नाव असते. उबुंटूवर मुक्ता स्थापित नसेल तर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो. तो विनामूल्य आहे, तेथेही स्थापित करावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी दस्तऐवज उघडून 'फाइल', 'प्रॉपर्टीज', 'जनरल' येथे साच्याचे नाव दिसते का ते पाहावे. जुन्या पत्राची प्रत करून बनवलेल्या आणि साच्याशी कधीच न जोडलेल्या फाइलीत ते नसेल, आणि तिच्यापर्यंत बदल पोहोचणार नाही. नाव असेल, तर दस्तऐवज उघडताना साचा बदलल्याची सूचना येते. तेव्हा 'अपडेट स्टाइल्स' निवडले की नवे स्वरूप लागू होते. 'कीप ओल्ड स्टाइल्स' निवडले की त्या दस्तऐवजासाठी ती सूचना पुन्हा येत नाही. घाईत हेच दुसरे बटण दाबले जाते, तेव्हा सहकाऱ्यांना एकदा विचारून पाहावे.

वाचनालय_लिपिक

विचारले. दोघांनी तेच दाबले होते, आणि तिसरा दाबणारा मीच निघालो.