स्वस्त बोल्ट अॅक्शन म्हणजे खेळणी? आधी उघडून तरी बघा

वाईकर_टेक्सासात
काल एकानं लिहिलं, "सॅव्हेज अॅक्सिस, रुगर अमेरिकन ही प्लास्टिकची खेळणी, रायफल म्हणजे लाकडी दस्ता." डोकंच फिरलं. या दोन्ही स्वस्त बोल्ट अॅक्शन रायफली, म्हणजे दर बाराला हातानं बोल्ट (मागची दांडी) ओढून गोळी भरायच्या. मी इथं रानडुकरं अॅक्सिसनंच मारतो. स्वस्त का पडते ते तरी बघा. गेज लावून हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बैठक यांमधलं अंतर) धरायचा आणि नट आवळून बॅरल पक्कं करायचं, प्रत्येक बॅरल जुळवत बसायला कसबी कारागीर लागत नाही, ही पद्धत १९५८ च्या सॅव्हेज ११० पासूनची आहे. बोल्टचं डोकं जरा हलतं ठेवलंय म्हणून दोन्ही लग (बार होताना बोल्ट अडकवून धरणारे खुंट) सारखे टेकतात. पैसा वाचवला तो पॉलिशमधे, नेमात नाही. रुगरचा बोल्ट तीन लगचा, ७० अंशात उघडतो, हात स्कोपला (वरच्या दुर्बिणीला) आपटत नाही.

कराडचा_नेमबाज
तो दस्ता पुढनं दाबून बघा एकदा. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार दिला की वाकतो, बॅरलला टेकतो, गोळी भलतीकडं. मग फ्री फ्लोट, म्हणजे दस्त्याला न टेकणारं बॅरल, कसलं? आमच्या आजोबांची ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ रायफल आजपण चालते, जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्डचीच अॅक्शन, बोल्ट लोण्यासारखा फिरतो.

वाईकर_टेक्सासात
त्या बोल्टचे लग मागं असतात, म्हणून बारात बोल्ट जरा लवतो, ते नाही सांगितलंत. आणि पाटणच्या पावसात लाकूड फुगून बॅरलला लागतं त्याचं काय? दस्ता लेचापेचा आहे, बरं, मान्य. पण तो बदलता येतो.

शिराळ्याचा_शेतकरी
तुमचं दस्त्यावर चाललंय आणि इकडं चांदोलीच्या कडेला डुकरं भुईमूग उकरतात, गवे ऊस लोळवतात. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद. पीक संरक्षणाचा परवाना मागितला तर ठासणीची बंदूक सुचवतात, दुसरा बार ठासेपर्यंत कळप ओढ्यापलीकडं. रायफल आम्हाला का नको?

कराडचा_नेमबाज
कारण गोळी किलोमीटरच्या पुढं जाते आणि तुमच्या शेतापलीकडं वस्ती आहे.

शिराळ्याचा_शेतकरी
वस्ती मला शिकवू नका, मी तिथंच राहतो! चुलत्याची मांडी डुकरानं फाडली, टाके घालून महिनाभर पडून होते. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा शेत नांगरून झालेलं, म्हणे नुकसान दिसत नाही. रात्री पत्र्याचा डबा बडवत कोण बसतं? तुम्ही?

वाईकर_टेक्सासात
दादा, राग बरोबर आहे तुमचा. पण मीसुद्धा जनावरामागं गोळी अडवणारा मातीचा चढ असल्याशिवाय ट्रिगरला बोट लावत नाही, तेवढं कराडकरांचं पटतं.

शिराळ्याचा_शेतकरी
मग चढ बघून झाडेन की मीपण. तेवढी अक्कल शेतकऱ्याला नसते असं वाटतं का?

कराडचा_नेमबाज
तसं म्हणालो नाही. आणि परवानावाल्यांचेपण हालच आहेत, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली, घरातलं एक जमा करावं लागलं. ती .३१५ मी सोडणार नाही.

वाईकर_टेक्सासात
ठेवा. पण अॅक्सिसच्या आसपासच्या किमतीत लाकडी दस्त्याची, तेवढाच नेम धरणारी दाखवा.

कराडचा_नेमबाज
मॉसबर्ग पॅट्रियट. अक्रोडाच्या दस्त्यात मिळते.

वाईकर_टेक्सासात
मिळते, खरंय. पण मॅगझिन (गोळ्यांची पेटी) तिचं प्लास्टिकचंच आहे.